‘अपास्तीय’मधला अस्त कोणता?

सदाशिव पेठेतल्या एका गणिताच्या शिक्षिकेने विचारलंय: गोल चकतीत अख्खं अनंत प्रतल मावतं, ते चित्र वर्गात दाखवलं. काठाकडे आकृत्या बारीक होत होत दिसेनाशा होतात. ‘अपास्तीय भूमिती’ (हायपरबोलिक जॉमेट्री, शाळेतल्या युक्लिडच्या भूमितीहून वेगळी) हे तिथल्या भूमितीचं नाव त्यावरूनच पडलं का? सूर्याचा अस्त, तसा आकृत्यांचा?

ताई, कल्पना सुंदर आहे, पण हा अस्त तो नव्हे. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे फेकणे असा एक धातू आहे. फेकून मारायचं ते अस्त्र. न्यास, समास, विन्यास, एवढंच काय, तुमच्या तोंडी दिवसभर असणारा ‘अभ्यास’ही त्याच घरातला. त्या धातूचं ‘अस्त’ म्हणजे फेकलेलं; अप + अस्त, दूर फेकलेलं. अपास्त म्हणजे हायपरबोला हा वक्र; त्या ग्रीक नावातही फेकणंच आहे, पलीकडे फेकणं, ‘पॅराबोला’त लगत फेकणं, म्हणून आपला अन्वस्त, अनु + अस्त. धातूला धातू लावून घडवलेली ही जोडी मला फार आवडते. हिंदीतलं ‘अतिपरवलय’ तिच्यापुढे जड वाटतं.

भूमितीला हे नाव जर्मन गणिती फेलिक्स क्लाइनने १८७१मध्ये दिलं, ते शंकुच्छेदांवरून, म्हणजे शंकू सपाट कापल्यावर मिळणाऱ्या वक्रांवरून. अपास्ताचे अनंतावर दोन बिंदू असतात, अन्वस्ताचा एक, विवृत्ताचा (लंबवर्तुळाचा) एकही नाही. या भूमितीतल्या रेषेलाही अनंतावर दोन वेगळी टोकं असतात. तुमच्या चित्रात ती दिसतात: रेषा म्हणजे काठाला काटकोनात भिडणारा कंस (किंवा व्यास), आणि त्याची दोन टोकं काठावर. इटालियन गणिती बेल्त्रामीने १८६८मध्ये मांडलेली ही चकती पुढे फ्रेंच गणिती प्वाँकारेच्या नावाने रूढ झाली.

राहिलं ते बारीक होणं. तांबट आळीतली मठारलेली परात डोळ्यांपुढे आणा, पण ठोक्यांचे ठसे मधे मोठे आणि काठाकडे लहान लहान होत गेलेले. या भूमितीच्या मापाने ते सगळे ठसे एकाच आकाराचे. चकतीची त्रिज्या १० सेंटिमीटर धरा. मध्यापासून ९ सेंटिमीटरवरचा बिंदू तिथल्या मापाने २.९४ एकक लांब, ९.९ वरचा ५.२९, ९.९९ वरचा ७.६०. काठाशी उरलेली फट दहापट लहान झाली की दर खेपेला सुमारे २.३ एककांची भर. काठ कधी येतच नाही. म्हणून ‘वर्तुळ’ न म्हणता ‘चकती’ म्हणावं हेच बरं. वर्तुळ म्हणजे तर नुसता काठ, आणि नेमका तोच या प्रतलात नाही.

तेव्हा मुलांना सांगताना ‘आकृत्या बारीक होतात’ऐवजी ‘बारीक दिसतात’ म्हणा. आणि ‘मावतं’ हे तुमचं क्रियापद मात्र बदलू नका. ‘बसतं’ म्हटलं असतंत तर कोंबल्यासारखं वाटलं असतं.