घोडा चंदी सांडतोय? जबड्याचा सांधाही बघ
अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे पडायला लागले की सगळे आधी दाताकडे धावतात. दात बघच, पण डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाच्या मुळापर्यंत दोन्हीकडे बोटंही फिरव. एकीकडेच गरम, फुगीर लागलं, दाबल्यावर डोकं झटकलं, तर जबड्याच्या सांध्यावर संशय घे. शेजारी बारीकशी जखम असली तर जास्तच. डॉक्टरांना सोनोग्राफी करून सांध्यातलं पाणी काढायला सांग. निरोगी पाणी फिकट पिवळं, चिकट असतं. गढूळ, पातळ आलं तर लक्षण वाईट, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवायचंच. नुसत्या इंजेक्शनांवर सहसा भागत नाही, सांधा धुवावा लागतो. तोवर भिजवलेला मऊ चारा दे. आणि तबेल्यातलं उरलंसुरलं अँटिबायोटिक आधीच टोचू नकोस, कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत मग.