वाचक विचारतात : वकिलीतून पत्रकारितेत

प्रश्न : वाचनालयात ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्रासाठी (झायोनिस्ट) चळवळ उभारणाऱ्या थिओडोर हर्झलवर बोलायचंय. वकील माणूस पत्रकार कसा झाला? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : १८८४ मध्ये व्हिएन्नात कायद्याची डॉक्टरेट घेऊन त्यांनी तिथल्या व साल्झबर्गच्या कोर्टांत उमेदवारी केली. ज्यू माणसाला न्यायाधीश होऊ देणार नाहीत हे ओळखून वर्षभरात सोडली. १८९१ पासून ते ‘नॉये फ्राये प्रेस’चे पॅरिसचे बातमीदार. गंमत म्हणजे हेच दैनिक त्यांच्या चळवळीबद्दल अवाक्षर छापेना! म्हणून जून १८९७ मध्ये पदरमोड करून ‘डी वेल्ट’ साप्ताहिक काढलं. चळवळीचं ऑगस्टचं पहिलं अधिवेशन म्युनिकला ठरलं होतं. तिथल्या ज्यूंनीच विरोध केल्यावर स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हललं. उद्घाटनाला काळा टेलकोट, पांढरा टाय सक्तीचा. हर्झलचे सहकारी मॅक्स नॉर्डाऊ फ्रॉककोटात आले, तर त्यांनाही बदलायला लावला. बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनने दिलेला पाठिंबा) मात्र हर्झलच्या नावावर घालू नका. तो १९१७ चा, हे १९०४ मध्येच वारले.