स्कॉट्स-आयरिश म्हणजे आयरिशच ना? मग त्यांना ब्रिटिशांचा राग का नाही?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला अमेरिकन सहकारी स्वतःला स्कॉट्स-आयरिश म्हणवतो आणि वर ब्रिटिश राजघराण्याचं कौतुकही करतो. आयरिश तर आपल्यासारखेच इंग्रजांच्या राज्यात भरडले गेले, मग हे कसं? मी नोकरीनिमित्त उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहतो, तेव्हा इथून दिसतं तसं सांगतो.

स्कॉट्स-आयरिश म्हणजे आई स्कॉटिश, बाप आयरिश असा प्रकार नाही. आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टर प्रांत आहे. तिथल्या गेलिक (मूळ आयरिश) सरदारांच्या जमिनी जप्त करून राजा पहिला जेम्स याने १६०९ पासून स्कॉटलंड आणि इंग्लंडमधून माणसं आणून वसवली. त्यातले स्कॉटिश बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशप न मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे. जमीन गमावलेल्या कॅथलिक आयरिशांच्या लेखी हे लोक म्हणजे ब्रिटिश सत्तेचीच माणसं.

गंमत अशी की सत्तेने त्यांनाही आपलं मानलं नाही. सरकारी पंथ अँग्लिकन, म्हणजे राजाच्या चर्चचा. १७०४ च्या कायद्याने प्रेस्बिटेरियनांना सरकारी पदं बंद झाली, त्यांच्या पाद्र्याने लावलेल्या लग्नाला मान्यता मिळेना, आणि ज्या चर्चची पायरी ते चढत नव्हते त्यालाच दशांश भरावा लागे. त्यात जमीनदारांनी खंड वाढवले, पिकं बुडाली. १७१८ च्या सुमारापासून कुळांच्या झुंडी जहाजांतून अमेरिकेला निघाल्या. पेनसिल्व्हेनियात उतरून पुढे शेनँडोआ खोऱ्यातून कॅरोलायनापर्यंत पसरल्या. तुमच्या सहकाऱ्याचे पूर्वज बहुधा यातलेच.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यांच्यातले पुष्कळजण राजाविरुद्ध लढले. १७८० ची किंग्ज माउंटनची लढाई जिंकली ती प्रामुख्याने अॅपलेशियन डोंगरापलीकडून आलेल्या अशाच लोकांनी. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनचे आईवडील बेलफास्टजवळच्या कॅरिकफर्गसहून गेलेले. पोरवयात ब्रिटिश अधिकाऱ्याचे बूट पुसायला नकार दिला म्हणून तलवारीचा वार खाल्लेला हा माणूस. (सगळेच बंडखोर होते असं मात्र नाही, कॅरोलायनात काहीजण राजाच्या बाजूनेही होते.)

मागे अल्स्टरमध्ये राहिलेल्यांचंही तेच. १७९१ मध्ये बेलफास्टला युनायटेड आयरिशमेन ही ब्रिटिश सत्तेविरुद्धची संघटना निघाली, तिच्या स्थापनेत प्रेस्बिटेरियन व्यापाऱ्यांचा पुढाकार होता. तिने केलेल्या १७९८ च्या उठावात अल्स्टरमधल्या अँट्रिम काउंटीच्या बंडखोरांचं नेतृत्व करणारा हेन्री जॉय मॅक्रॅकन प्रेस्बिटेरियन. त्याला इंग्रजांनी बेलफास्टमध्येच फासावर दिलं.

आणि याच समाजाने १९१२ मध्ये आयर्लंडला होमरूल (डब्लिनमध्ये स्वतःची संसद) नको, आम्ही ब्रिटनमध्येच राहणार, असा करार केला! बायकांच्या वेगळ्या प्रतिज्ञापत्रासकट पावणेपाच लाखांच्या आसपास सह्या. पुढे यांनी चोरून बंदुकाही आणल्या. ज्या होमरूलवरून टिळकांनी १९१६ ला आपल्या लीगचं नाव घेतलं, त्याच्याच विरोधात. शंभर वर्षांत बदललं काय? बेलफास्टची जहाजबांधणी आणि लिनन साम्राज्याच्या बाजारावर पोसले गेले, आणि डब्लिनमध्ये संसद आली तर कॅथलिक बहुमताखाली राहावं लागेल ही धास्ती बसली. रक्त तेच होतं. हितसंबंध आणि भीती फिरली.

उलट बाजूही बघा. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर टिपररीचा, आयरिश कॅथलिक. आणि १९२० मध्ये जालंधरला, आयर्लंडमधल्या ब्रिटिश अत्याचारांचा निषेध म्हणून, बंड केलेले ब्रिटिश सैन्यातल्या कॉनॉट रेंजर्स या पलटणीचे शिपाईही आयरिशच.

अमेरिकेत आणखी एक फाटा फुटला. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो गरीब कॅथलिक तिथे पोचले आणि प्रोटेस्टंट आयरिश ‘आम्ही ते नव्हे’ म्हणून स्कॉच-आयरिश (स्कॉट्स-आयरिशचंच दुसरं रूप) हे नाव आवर्जून लावू लागले. न्यूयॉर्कमध्ये १८७१ साली ऑरेंज मिरवणुकीवरून (आयरिश प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज संघटनेची) कॅथलिकांशी दंगल पेटली, साठावर माणसं मेली.

इथे आजही हा प्रश्न मिटलेला नाही. १९९८ च्या शांतता करारानुसार उत्तर आयर्लंडचा (अल्स्टरचा ब्रिटनकडे राहिलेला भाग) माणूस स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवू शकतो. २०२१ च्या जनगणनेत ३१.९ टक्के लोकांनी फक्त ब्रिटिश लिहिलं, २९.१ टक्क्यांनी फक्त आयरिश, १९.८ टक्क्यांनी फक्त नॉर्दर्न आयरिश.

सहकाऱ्याला विचारायचंच असेल तर पूर्वज कुठल्या काउंटीतून आणि कधी आले ते विचारा. अँट्रिम किंवा डाउन, आणि १७७५ च्या आधी, असं उत्तर आलं तर बहुधा ते राजाशी भांडूनच अमेरिकन झाले असतील. राजघराण्याचं कौतुक त्याला टीव्हीवरून लागलेलं असणार.