सासूबाईंच्या जबड्याखालची सूज तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून

सासूबाई 68 वर्षांच्या, तीन महिन्यांत दोनदा उजव्या जबड्याखाली सूज, दोन्ही वेळा अँटिबायोटिकने उतरली, आता पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण जबड्याखालच्या याच लाळग्रंथीने मला चार वर्षं छळलंय.

आधी त्यांना एक विचारा: सूज जेवताना वाढते का? पहिला घास घेतला की जबड्याखाली टणक गोळा येतो आणि तासा-दोन तासांत ओसरतो, असं असेल तर ग्रंथीतून तोंडात लाळ आणणाऱ्या नळीत खडा असण्याची दाट शक्यता. लाळेच्या दहातल्या आठ खड्यांचं घर हीच ग्रंथी. तिथली लाळ घट्ट असते, आणि नळी लांब, खालून वर जिभेखाली चढणारी. खडा असेल तर अँटिबायोटिकने फक्त जंतू मरतात, बूच तसंच राहतं. माझं नेमकं हेच झालं. तीन कोर्स घेतले, मग कुठे एका कान-नाक-घसा तज्ज्ञाने सोनोग्राफी करायला सांगितली. तुम्ही तिसऱ्या सुजेची वाट पाहू नका.

खडा नसला तरी मुद्दा तोच: लाळ वाहती हवी. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि नळी धुऊन काढते. ती आटली की तोंडातले जंतू नळीतून उलटे वर चढतात. म्हणूनच मोठ्या ऑपरेशननंतर उपाशी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांना लाळग्रंथीचा असा त्रास गाठतो, बहुतेकदा कानापुढच्या ग्रंथीत.

आता पाणी. 'भरपूर प्या' सगळेच सांगतात, पण आपल्याकडच्या बायका पाणी कमी का पितात हे कोणी विचारत नाही. प्रवासात स्वच्छतागृह मिळत नाही, गुडघे दुखतात म्हणून रात्री उठायला नको, एकादशीला तर दिवसभर दोन कप चहा. सासूबाईंचं यातलं कारण शोधा, नाहीतर भरलेला तांब्या उशाशी तसाच राहील. (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच.)

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, लघवी वारंवार लागल्यास देतात त्या गोळ्या, यांनी तोंड कोरडं पडतं. रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी चालू असेल तर तीही बघा. मनाने काही बंद करू नका, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. मी रोज रात्री सर्दीची गोळी घ्यायचो, सवयीने, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. तोंडाबरोबर डोळेही कायम कोरडे असतील, तर तेही आवर्जून सांगा, त्यामागे वेगळा आजार असू शकतो.

जेवणाआधी लिंबाची फोड किंवा आवळ्याचा तुकडा चोखायचा, लाळ सुटते. मधुमेह असेल तर साखरेच्या आंबट गोळ्या नकोत. नंतर चूळ भरा, आंबटाने दात झिजतात. जेवण झालं की कोमट फडक्याने शेकून, जबड्याच्या मागून हनुवटीकडे बोटांनी हलकेच दाबत यायचं. माझ्या तोंडात असं करताना एकदम खारट पाणी यायचं, म्हणजे नळी मोकळी झाली. खूप दुखत असेल किंवा ताप असेल तेव्हा मात्र चोळू नका. कवळी असेल तर ती रात्री काढून घासून ठेवायची. मशेरी लावत असतील तर... ती सुटणं कठीण, पण सांगून बघा.

खडा होतो म्हणून दूध-दही बंद करायला सांगणारे भेटतील. या खड्यांच्या बहुतेक रुग्णांचं रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असतं, या वयात दूध तोडू नका.

थंडी वाजून ताप, जिभेखाली पू, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि न दुखणारी, जेवणाशी संबंध नसलेली, हळूहळू वाढणारी गाठ असेल तर वरचे उपाय करत बसू नका, ती वेगळी तपासायला लागते.

माझा खडा शेवटी जिभेखालून छोटी चीर देऊन काढला. तांदळाच्या दाण्याएवढा होता. सोनोग्राफीचं काय निघतंय ते इथे नक्की कळवा.