फलकावरचा आकडा आणि खिशातला हात

प्रश्न : मी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आमच्या प्रवेशद्वारावर 'अपघातविरहित दिवस' दाखवणारा फलक असून ठरावीक दिवस पूर्ण झाले की संपूर्ण विभागाला बक्षीस मिळते. हेल्मेट न घालणाऱ्यास दंड होतो. आकडा वाढतो आहे. परंतु मागच्या आठवड्यात एक कामगार कापलेले बोट खिशात लपवून माझ्यासमोरून गेला. कामगारांच्या अंगी सुरक्षिततेची सवय कशी बाणवावी?

उत्तर : त्या कामगाराने हात का लपवला, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्याने जखम दाखवली असती, तर साऱ्या विभागाचे बक्षीस बुडाले असते आणि सोबत्यांचा रोष त्याला पत्करावा लागला असता. म्हणून सर्वप्रथम बक्षिसाचा आणि त्या आकड्याचा संबंध तोडावा, असे मी आग्रहाने सांगेन.

किरकोळ इजा कमी झाल्या म्हणजे मोठा धोका टळला, असे मानणे महागात पडते. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीला असे आढळले की, कामगारांच्या वैयक्तिक इजांच्या आकड्यांवर कंपनी वाजवीपेक्षा अधिक विसंबली होती. घसरून पडण्याच्या घटना मोजून टाकीतील द्रवाची पातळी किंवा नादुरुस्त अलार्म यांबद्दल काहीच कळत नसते.

आता सवयीविषयी. एखाद्या प्रेस मशीनच्या गार्डचा, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या आवरणाचा, सुरक्षा स्विच तारेने बांधून ठेवलेला दिसला, तर आपण ऑपरेटरला बेफिकीर ठरवून मोकळे होतो. त्याच्या शेजारी अर्धा तास उभे राहून पाहावे. भंगाराचा तुकडा वारंवार अडकतो, तो काढण्यासाठी दर वेळी चार बोल्ट खोलावे लागतात आणि उत्पादनाचे उद्दिष्ट मात्र तेवढेच राहते, असे बहुधा दिसून येईल. अशा ठिकाणी बिजागरीचे, पटकन उघडणारे आणि उघडताच मशीन बंद करणारे गार्ड बसवले, तर तार बांधण्याचे कारणच उरत नाही. धोका मुळातून काढणे, ते न जमल्यास यंत्रात बदल करणे, मग कामाची पद्धत सुधारणे आणि सर्वांत शेवटी हेल्मेट-हातमोजे, हा क्रम सर्वमान्य आहे; तुमच्याकडील दंडाची सुरुवात मात्र शेवटच्या पायरीपासून होते. दंड अजिबात नसावा, असे मी म्हणत नाही. जाणूनबुजून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण अनवधानाने झालेली चूक स्वतःहून सांगणाऱ्याला त्याच मापाने मोजू नये.

शिफ्ट बदलण्याच्या वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू उत्पादन मंचावर ६ जुलै १९८८ रोजी १६७ जणांचा बळी गेला. एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, ही माहिती रात्रपाळीला मिळाली नाही आणि दुसरा पंप बंद पडताच व्हॉल्व्ह काढलेला तो पहिला पंप सुरू करण्यात आला. परमिट, म्हणजे दुरुस्तीच्या कामाचा लेखी परवाना, लिहिण्याची पद्धत तेथेही होती. त्यामुळे कागदावरील सहीवर न थांबता, जाणाऱ्याने येणाऱ्याला मशीनपाशी नेऊन काय उघडे आहे आणि काय बंद आहे, हे दाखवावे.

यात व्यवस्थापकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. ऑर्डर तातडीची असताना एखाद्या कामगाराने धोका दिसला म्हणून लाइन थांबवली आणि तपासणीअंती काहीच निघाले नाही, तर त्या दिवशी व्यवस्थापक त्याच्याशी कसे बोलतात, यावरून पुढची कित्येक वर्षे बाकीचे लोक तोंड उघडायचे की नाही ते ठरवतात. थोडक्यात टळलेल्या अपघाताची माहिती आली की तिच्यावर काय केले, हे सांगणाऱ्याला चार दिवसांच्या आत कळवण्याचा नियम स्वतःला घालून घ्यावा.

आणि ज्याने बोट लपवले, त्याला आधी प्रथमोपचार कक्षात न्या. जखमेवर उपचार झाल्यावर, नोंदवही बाजूला ठेवून, ते बोट नेमके कोठे आणि कसे कापले, एवढेच विचारा.