काळ्या यादीतला विनोदी नट

प्रश्न : झीरो मोस्टेल या अमेरिकन विनोदी नटावर एकपात्री बसवतोय. काळ्या यादीत असूनही त्याला नाटकं कशी मिळाली? आणि माणसाचा गेंडा होतो तो प्रवेश मुखवट्याने करावा का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम द्यायचं नाही, अशा कलावंतांची ती यादी. पण ती कायद्याची नव्हती. स्टुडिओ आणि टीव्हीचे प्रायोजक धास्तीने ती पाळत. नाटकाला प्रायोजकाची भीती कमी, म्हणून ते दार किलकिलं राहिलं. १९५५ साली कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्याने इतरांची नावं घ्यायला नकार दिला. १९६० मध्ये बसने पाय चिरडला, तरी १९६१ मध्ये ‘ऱ्हायनोसेरॉस’ (गेंडा) या नाटकासाठी टोनी हा अमेरिकन नाट्यपुरस्कार मिळवला. पुढे त्याने जेरोम रॉबिन्स या नृत्यदिग्दर्शकाबरोबरही काम केलं. रॉबिन्सने समितीला नावं दिली होती! तुमच्या संहितेतला खरा नाट्यमय ऐवज हाच.

मुखवटा नकोच, मोस्टेलनेही वापरला नव्हता. आधी श्वास जड करा, मग मान खांद्यांत रुतवा, पावलं आपटा. आवाज सगळ्यात शेवटी. बहुतेकजण डरकाळीनेच सुरुवात करतात. मग चढवायला काही उरत नाही, आणि दुसऱ्या प्रयोगाला घसा बसतो. डरकाळी पोटातून काढा. तालमीत एका वेळी दोन-तीनदाच, मध्ये कोमट पाणी.