तंजावरचं बृहदीश्वर मंदिर एका दिवसात नीट कसं पाहावं? तिथला मराठी शिलालेख कुठे आहे?

एक दिवस पुरतो, पण दुपारचं ऊन टाळा. गाभारा दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असतो आणि तोवर अंगणातली फरशी इतकी तापते की अनवाणी चालवत नाही. बाहेरगावच्या बसने येणार असाल तर नवा बसस्टँड गावाबाहेर आहे; तिथून जुन्या स्टँडची सिटी बस धरा.

सकाळी सहा-साडेसहाला आत शिरा. केरळांतकन आणि राजराजन ही दोन गोपुरं ओलांडली की नंदी, आणि मागे साधारण ६६ मीटर उंच, १३ मजली विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर. राजराज चोळाने १०१० मध्ये हे पूर्ण केलं. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असं गाइड सांगतात. ते खरं नाही, सकाळी लांबलचक पडलेली स्वतःच बघा.

बहुतेक जण दर्शन घेऊन इथूनच परततात आणि मराठी शिलालेख राहून जातो. दर्शन झालं की आवाराच्या कडेच्या ओवरीत नैऋत्य बाजूला जा. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास तिथल्या भिंतीवर देवनागरीत कोरून घेतला. ओळीमागून ओळ, भिंत भरून मराठी! अक्षरं बारीक आहेत, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला की खाचा उठून दिसतात. दगडाला हात मात्र लावू नका.

दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय बघा. संध्याकाळी पुन्हा मंदिरात या, मावळतीच्या उन्हात दगड मधासारखा दिसतो.